कोऱ्या काचेचा निरोप

चार दिवस झोडपून पाऊस थांबतो, लख्ख ऊन पडतं आणि सगळी वसई खुशीत येते. गॅलऱ्यांच्या कठड्यांवर गाद्या येतात, दोऱ्यांवर आठवड्याचे कपडे येतात, तरुण मंडळी चिंचोटीच्या धबधब्याचे बेत आखतात. मला मात्र ते ऊन खोटं वाटतं. कुंडीखालच्या ताटलीत, ड्रमच्या झाकणावरच्या खळग्यात, अंगणात पालथ्या न घातलेल्या करवंटीत थांबलेलं पाणी आता निवांत कोमट होणार आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडणार, एवढंच मला त्या उन्हात दिसतं. लोक आभाळाकडे बघतात, मी ताटल्यांकडे बघते. घरोघर जाऊन ताप विचारायचा, बोटं टोचायची, लोकांनी साठवलेलं पाणी ओतून टाकायचं, यात माझी अर्धी नोकरी गेली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण इतरांना लागू पडते तशी लागू पडते, मला तर तिचाच पगार मिळतो.

याच दिवसांत माझ्याकडे माशांचा वाटा येतो. मासेमारीची बंदी उठते, होड्या पाण्यात जातात, आणि पहिल्या खेपेची मासळी आली की किनाऱ्यावरच्या आळीत घरोघर वाटे निघतात. नात्यातल्याला, शेजाऱ्याला, अडीनडीला उभ्या राहिलेल्याला. त्यांतला एक माझ्या नावाचा असतो. त्या आळीतल्या जसिंताच्या घरून तो निघतो आणि माझी जोडीदारीण सेलिन तो केंद्रात माझ्या टेबलावर आणून ठेवते. "तुझा वाटा," एवढंच म्हणते. पापलेट असतं, कधी हलवा. मी म्हणते, "कशाला गं दरवर्षी?" आणि पिशवी घरी नेते. आमचे हे बोटं चाटत जेवतात. माझ्या घशाखाली तो घास कधी सरळ उतरलेला नाही.

तो का उतरत नाही, हे दर मोसमात स्वतःशी म्हणायला बसते आणि दर वेळी काहीतरी काम काढून उठते. यंदा उठून चालणार नाही. यंदा सेलिननं काम सोडलं. बाकी सगळी धडधाकट आहे, फक्त गुडघ्यांनी संप पुकारलाय, आणि जिने चढल्याशिवाय आमच्या कामात काहीच होत नाही. तिची आळी आता माझ्याकडे आली आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. मी किनाऱ्याच्या वाडीतली. वडिलांचा मोगरा होता, सोनचाफा होता, आणि वाडीच्या मधोमध बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं तळं. त्या बावखलात बोटभर लांबीचे मासे होते आणि ते डासांच्या अळ्या टिपून खायचे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. प्रशिक्षणात गप्पी माशांचा धडा आला तेव्हा मी हात वर करून अर्धा तास बोलले होते. परीक्षेत पहिली आले. माझं अक्षर मोत्यासारखं, माझ्या वहीत खाडाखोड नाही, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवायचा तर माझा थेंब असा गोल आणि पातळ बसायचा की लॅबमधले साळवीकाका म्हणत, "पोरी, तुझी काच बघायला मजा येते." सेलिनची काच म्हणजे कुणी घाईत लोणचं सांडल्यासारखी. तिच्या वहीला माशांचा वास यायचा.

आणि तरी दारं तिलाच उघडायची.

ती त्याच आळीतली. अर्नाळ्याच्या अंगाला समुद्राला पाठ लावून बसलेली शंभरेक घरं. सेलिन रस्त्यावरूनच ओरडायची, "कोन आजारी हाय गो? ताप लपवाल तर माझा डोका फिरल!" आणि आतून हसू यायचं, चहा यायचा, भाऊ यायचा, सासू यायची, आणि सगळ्यांत शेवटी लपवलेला तापही गोधडीतून बाहेर यायचा. माझ्या भागात मी म्हणायचे, "नमस्कार, आरोग्य केंद्रातून आले आहे." टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. पडद्याआडून दोन पायांची बोटं दिसायची आणि ती बोटं घरात कुणी नाही असं दाखवत उभी राहायची.

माझ्याच भागातल्या तुळिंजच्या चाळींत तर माझी हवाच निराळी होती. तिथं नळाला पाणी दिवसाआड यायचं, टँकर आला तर बायका पळत सुटायच्या, आणि त्या पाण्यानं भरलेल्या ड्रमसमोर उभी राहून मी म्हणायचे, "हे आठवड्यातून एकदा ओतून, घासून, कोरडं करायचं." मलाच माझी लाज वाटायची. बॅटरीच्या उजेडात ड्रमच्या पाण्यात अळ्या वळवळताना दिसायच्या, मी बाईला बोलावून दाखवायचे, बाई म्हणायची, "वो तो छोटे कीडे हैं मॅडम, नीचे बैठ जाते हैं." मी तरीही ओतायचे. त्या पाण्यासाठी तिनं किती वेळ रांग लावली असेल हे कळत असूनही ओतायचे. अशा बाईला चहा कोण देणार?

चहा मिळायचा धुरवाल्याला. महिन्यातून एकदा तो खांद्यावर मशीन अडकवून यायचा, ढगासारखा धूर सोडायचा, पोरं मागे धावायची, लोक खिडक्या उघडून धूर आत घ्यायचे आणि म्हणायचे, चला, काहीतरी होतंय. धुरानं उडणारे चार डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्यात नवी फौज तयार, हे मी सांगून सांगून दमले. धुरवाल्याचे फोटो निघायचे. माझ्या हातातल्या रिकाम्या केलेल्या ताटलीचा फोटो कोण काढणार? त्याचाही मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पण तो हेवा निराळा. तो घरी जाऊन हात धुतले की जायचा. सेलिनचा मात्र धुतल्यानं जात नसे. भेट देऊन झाली की दाराशेजारच्या भिंतीवर आम्ही खडूनं तारीख लिहितो, म्हणजे मागून तपासायला येणाऱ्याला कळतं. माझ्या तारखा पोरं पुसून टाकायची, नाहीतर त्यांच्यावर लंगडीचे चौकोन काढायची. सेलिनच्या आळीत एका घरानं सणाला भिंत रंगवली तेव्हा तिच्या तारखांची ओळ तेवढी सोडून रंग लावला. ती ओळ मी पाहिली आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. मला त्या आळीत मॅडम म्हणायचे. तिला सेलिनबाय. या दोन शब्दांमध्ये केवढं अंतर असतं, ते ज्याला दुसऱ्या शब्दानं कधी कुणी हाक मारली नाही त्यालाच कळेल.

मग तो टायरांचा मोसम आला. होडीला होडी घासू नये म्हणून कोळी लोक होड्यांच्या कडेला जुने टायर बांधतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, टायर भरून पाणी, आणि टायरातलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं माहेर. त्या वर्षी आळीत डेंग्यूचे ताप निघाले. त्या अळ्या टायरांत पहिल्यांदा मी शोधल्या, हे मी आजही ठासून सांगेन. हातात पांढरी पळी घेऊन, चिखलात गुडघाभर रुतून, मी. सगळ्यांना सांगितलं, टायर काढा. एकानंही काढला नाही. एका होडीचा म्हातारा तांडेल म्हणाला, "मॅडम, तुमी आधी साडी वर धरा." सगळे हसले.

सेलिन आली, तिनं कमरेवर हात ठेवून होड्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "टायर काढ सांगितलास तर कोन काढनार गो? होडी घासली तर तुझा बाप भरनार? भोक पाड त्याला खाली. टायर राहील, पानी जाईल." आणि तिनं त्या तांडेलाकडूनच लोखंडाची सळई तापवून घेतली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीतल्या टायरांना तळाशी भोकं. जळक्या रबराचा वास दोन दिवस हवेत होता. त्या दिवसापासून मला तो वास आला की तोंड कडू होतं.

शनिवारच्या बैठकीत डॉक्टरांनी सेलिनला उभं केलं. "याला म्हणतात काम," म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. अळ्या कुणी शोधल्या हे कुणी विचारलं नाही, आणि सेलिनला सांगायचं सुचलं नाही. ती लाजून पदराशी चाळा करत उभी होती. तिनं मुद्दाम काही केलं नाही हे मला कळत होतं, आणि ते कळत असल्यामुळे जास्तच जळत होतं.

बैठक सुटली. सेलिन आळीकडे निघून गेली, आणि दुपारी साळवीकाकांनी मला खिडकीतून हाक मारली. मलेरियाचं निदान पंधरा मिनिटांत सांगणारी कार्डं तेव्हाही होती, पण तापाच्या ऐन दिवसांत कार्डं संपतात आणि मग सगळं काकांच्या मायक्रोस्कोपवर येतं. काकांची बोटं निळी, खोलीत स्पिरिटचा वास, खाली डाव्या हाताला काचपट्ट्यांची रांग वाळत घातलेली. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "ही सेलिनच्या आळीतली. जसिंता. वाईटातला मलेरिया आहे, आणि बाई सात महिन्यांची गरोदर दिसते. आजच्या आज सेलिनला सांग."

इथं आमची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर फिरलं. रोज एवढ्या काचा जातात की प्रत्येक घरी निकाल कळवणं जमत नाही. ज्या काचेत जंतू सापडले तिचाच निरोप जातो. निरोप आला नाही म्हणजे काच कोरी, साधा ताप. हे आम्हाला ठाऊक असतं आणि सवयीनं लोकांनाही ठाऊक झालेलं असतं. आमच्याकडे गप्प राहणं हाच एक निकाल असतो.

चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. सेलिनला फोन लावायला मोबाईल हातात घेतला आणि मनात आलं, ही बातमी मी नेली तर? गोळ्या घेऊन मीच गेले, जसिंताच्या उशाशी बसले, कुठल्या वेळी किती घ्यायच्या ते समजावून सांगितलं, तर त्या आळीत एकदा तरी माझ्या तोंडून काही कामाचं ऐकतील. उद्या रविवार. सगळे चर्चमधली मिस्सा आटोपून घरी असतील. उद्या सकाळी जाऊ. एवढंच माझ्या मनात होतं. तिचं वाईट व्हावं असं मुळीच नव्हतं, पण मनात काय नव्हतं याचा त्या बाईला काय उपयोग?

पाच वाजता सेलिनचाच फोन आला. "शुभा, माझ्या काचांचा काय?"

"अजून काही नाही," मी म्हणाले.

तीन शब्द. तिनं बरं म्हटलं आणि ठेवला. नंतर कळलं, ती तशीच जसिंताकडे गेली आणि म्हणाली, काय नाय गो, साधा ताप हाय, पेज खा.

रविवारी सकाळी आमच्याकडे सासरचे पाहुणे आले, न सांगता, पाच जण. मी पुऱ्या लाटल्या. पर्स दाराच्या खुंटीला टांगलेली होती आणि येताजाता मला दिसत होती. दुपारी पाऊस लागला. एका दिवसानं काय होतंय, असं मी म्हटलं. मी म्हटलं! प्रशिक्षणात पहिली आलेली, त्या जातीचा मलेरिया एका दिवसात काय करू शकतो यावर पानभर उत्तर लिहून दहापैकी दहा मिळवलेली मी.

सोमवारी सकाळी पोचले तेव्हा जसिंता खाटेवर थरथरत होती आणि नवऱ्याला ओळखत नव्हती. सासू तिच्या कपाळावर ओली फडकी ठेवत होती. घरातली माणसं तिला जवळच्या कुठल्यातरी दवाखान्यात सलाईन लावायला न्यायच्या तयारीत होती. मी चिठ्ठी दाखवली, ओरडले, रिक्षा आणवली, तिचं डोकं मांडीवर घेऊन मोठ्या हॉस्पिटलपर्यंत गेले आणि दारातच आजाराचं नाव सांगितलं. त्यामुळे तपासण्यांत वेळ गेला नाही, लगेच इंजेक्शन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी कळा आल्या. मुलगी झाली, दिवस भरायच्या कितीतरी आधी, तळहाताएवढी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या.

आणि आळीत बोलबाला झाला, की मॅडम नसत्या तर दोन माती झाल्या असत्या. जसिंताच्या सासूनं माझा हात हातात घेऊन त्यावर कपाळ टेकवलं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला शुभाबाय म्हटलं.

जे हवं होतं ते सगळं मिळालं. अगदी हवं होतं तसंच.

डॉक्टरांनी आम्हाला दोघींना बोलावलं. शनिवारी दिलेला निकाल घरी पोचायला सोमवार का उजाडला? मला काहीतरी सुचायच्या आत सेलिन बोलली. "चिठ्ठी शनवारी आली माझ्याकडे. मी गेलेली. घर बंद होता. परत जायला पायजे होता, नाय गेली. शेवटी शुभाला सांगितला. चुकला माझा." डॉक्टर तिला नको नको ते बोलले. टाळ्या वाजवणारे तेच. ती मान खाली घालून ऐकत होती आणि मी तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, पर्स छातीशी धरून उभी होते.

मला कृतज्ञता वाटायला हवी होती. खरं सांगते, मला पुन्हा तिचा मत्सरच वाटला. लोकांची माया तिला मिळते, ठीक; डोकं तिचं चालतं, ठीक; आता मोठेपणातही हीच पुढे? निदान पापाच्या वेळी तरी तिनं मला माझी जागा द्यायची. पुढची सगळी वर्षं तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या डब्यातलं लोणचं खाल्लं, मला चिडवलं, माझ्या मुलाच्या लग्नात नाचली, आणि दर मोसमात ती पिशवी माझ्या टेबलावर ठेवत राहिली. "तुझा वाटा." मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहायचे. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

यंदा ती वह्या माझ्या ताब्यात द्यायला आली. सोबत पिशवी होतीच. बाहेर तेच खोटं, लख्ख ऊन होतं. गुडघे चोळत ती बाकावर बसली, आणि एवढ्या वर्षांनी माझ्या तोंडून निघून गेलं, "सेलिन, त्या वेळी तू डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?"

तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "इतकी वर्सा लागली तुला इचारायला?"

"माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी?" ती खदखदून हसली. "तुझा मला तेव्हा असा राग आलेला, तुला खाडीत ढकलली असती. तुझ्यासाठी नाय गो. चिठ्ठी बाईच्या पर्समध्ये दोन दिवस होती, असा लोकांना समजला असता तर दुसऱ्या दिवसापासून बोट कोनी दिला असता? तुला नाय नि मला पन नाय. मानसा दार लावतात. दार लावला की ताप आतच राहते."

म्हणजे तिनं जे सोसलं ते माझ्यासाठी नव्हतंच. त्या शंभर दारांसाठी होतं. इतकी वर्षं मी ज्या उपकाराखाली वाकले होते तो माझ्यावर केलेलाच नव्हता, हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं, आणि मला आला तो राग. त्या दारांचाही.

"तुमचं बरं असतं," मी म्हटलं. "तुम्हाला पाप सांगायला फादरची खिडकी तरी आहे."

"सांगितला मी फादरला. माझा खोटा मी सांगितला." तिनं वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "तुझा तू बघ."

"जसिंताला सांगू?"

सेलिननं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "सांग नायतर नको सांगू. पन सांगितलास आनि तिने दार लावला, तर ते उघडीपर्यंत रोज जायाचा. पाऊस असू दे, पाव्हने असू दे. जमनार असल तर सांग."

पाहुण्यांचं तिला कुणी सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आळीत गेले. होड्या पाण्यावर गेल्या होत्या, दोन जुन्या तेवढ्या वाळूवर होत्या. त्यांच्या टायरांना तळाशी भोकं अजून आहेत, आणि टायर कोरडे आहेत. मी वाकून आत हात घालून पाहिला, सवयीनं. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. जसिंताच्या दाराशेजारी सेलिनच्या तारखांची ओळ, सगळ्यांत खालची पावसाआधीची, तिच्या त्या तिरक्या आकड्यांत.

"या शुभाबाय!" जसिंतानं पाट दिला, न विचारता चहा ठेवला. तिची एलिसा, ती तळहाताएवढी पोर, आता तिसरीत आहे. खाटेवर पडून होती. दोन दिवस ताप, शाळेला सुट्टी, गाल लाल. मी तिच्या कपाळाला हात लावला. जसिंता कपात चहा ओतत म्हणाली, "सेलिनबाय गेली तरी आमाला भ्या नाय. तुमी हायत. त्या सोमवारी तुमी धावत आलात म्हनून आमी दोघी हाव. मी सगल्यांना सांगते, सेलिनबायपेक्षा शुभाबाय बरी."

सेलिनबायपेक्षा. किती वर्षं या एका शब्दासाठी मी झुरले होते. तो आला आणि चहाच्या कपासारखा माझ्या हातात येऊन थांबला. फक्त घ्यायचा होता.

"जसिंता," मी म्हणाले, "तुझी चिठ्ठी शनिवारी दुपारीच माझ्याकडे आली होती. माझ्याकडेच होती. सेलिननं विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणाले. मला स्वतः येऊन सांगायचं होतं, आणि मग रविवारी मी आलेच नाही. सेलिनचा काही दोष नव्हता."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं किटली खाली ठेवली. मुलीकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मी तिच्या दाराकडे पाहत होते, उघडंच होतं, आणि त्यातून ऊन थेट खाटेपर्यंत आलं होतं.

"सेलिनबायला ठाव हाय?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आनि तरी तिने तुमाला आमच्याकडे धाडली?"

"हो."

ती उठली. मला वाटलं आता दाराकडे जाईल. ती खाटेकडे गेली, एलिसाला उठवून बसतं केलं, तिचा हात चादरीतून बाहेर काढला.

"बोट दे मॅडमला," ती म्हणाली.

शुभाबाय गेली ती त्या एका वाक्यात. बोट मिळालं, तेही माझ्या नावावर नव्हे. सेलिननं धाडली म्हणून मिळालं. ते तापलेलं इवलं बोट हातात धरून मी, इतकं सगळं होऊनही, पुन्हा जळले. बोट पुसलं, टोचलं, थेंब काचेवर घेतला. गोल, पातळ, माझा नेहमीचा. एलिसानं तोंड वाकडं केलं.

"सेलिनबायची सुई दुखत नाय."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले.

भिंतीवर तारीख लिहिली आणि काच घेऊन थेट केंद्रात आले. साळवीकाका निवृत्त झाले, आता तिथं एक तरुण मुलगी बसते. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. ती म्हणाली, ताई, तुम्ही जा, काही निघालं तर कळवते. मी म्हटलं, बसते. तिनं काच रंगवली, वाळवली, मायक्रोस्कोपखाली धरली, इकडून तिकडे सरकवत राहिली. दुपारचे दोन वाजत आले होते. शेवटी तिनं मान वर केली. "काही नाही हो. कोरी आहे." ताप उद्यापर्यंत राहिला तर डेंग्यूसाठी रक्त काढावं लागेल, ते मी वहीत लिहिलं.

बाहेर पुन्हा भरून आलं होतं. काच कोरी असली तर निरोप द्यायचा नसतो, ही आमची रीत. मी छत्री घेतली आणि निरोप द्यायला निघाले.